वातावरणाची गणिते आणि विमानांची साक्ष

इ. स. १८०४ च्या सप्टेंबर महिन्यात गे-ल्यूसॅक नावाचा पंचवीस वर्षांचा फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ हायड्रोजन वायूने भरलेल्या फुग्याखालील टोपलीत एकटाच बसून पॅरिसवरून आकाशात चढला. फुगा सुमारे ७,००० मीटर उंचीपर्यंत गेला. थंडीने हात बधिर झाले असताही सहा हजार मीटरांहून अधिक उंचीवर त्याने बरोबर नेलेली निर्वात काचपात्रे उघडली, त्यांत तेथील हवा भरून घेतली व ती घट्ट बंद करून खाली आणली. प्रयोगशाळेत पृथक्करण केल्यावर असे आढळून आले की, त्या हवेत प्राणवायूचे प्रमाण पॅरिसच्या रस्त्यांवरील हवेत असते तितकेच आहे.

गे-ल्यूसॅकचा हा निष्कर्ष आजही खरा आहे. परंतु तो हवेच्या मुख्य घटकांपुरताच खरा आहे. बाष्प वगळल्यास नत्रवायू सुमारे ७८ टक्के, प्राणवायू सुमारे २१ टक्के आणि आर्गॉन एका टक्क्याहून किंचित कमी, ही वाटणी भूपृष्ठापासून पुष्कळ उंचीपर्यंत जवळजवळ सारखीच राहते. त्यांच्यामागून जो अत्यल्प भाग उरतो, त्यातील वायूंची गोष्ट मात्र निराळी आहे. कार्बन डायॉक्साइडचे प्रमाण आज दर दहा लाख भागांत ४२० हून थोडे अधिक आहे. मिथेन दहा लाख भागांत दोन भागही भरत नाही. कार्बन मोनॉक्साइड व ओझोन यांच्यासाठी तर दहा लाखांचे मापही अपुरे पडते. त्यांचे प्रमाण अब्जांत मोजावे लागते. या सर्वांना अल्पांश वायू असे म्हणतात. पृथ्वीने बाहेर टाकलेली उष्णता अडवून धरणे, पिकांना व फुप्फुसांना अपाय करणे अथवा हवेतील घाण जाळून तिची शुद्धी करणे, ही कामे हेच वायू करतात. शिवाय ते सर्वत्र सारखे पसरलेले नसतात. देशपरत्वे, ऋतुपरत्वे आणि उंचीपरत्वे त्यांचे प्रमाण बदलते, आणि ते कोठून आले व कोठे नाहीसे होतात याचा माग या बदलांतूनच काढावयाचा असतो.

हा माग काढण्याचे आजचे मुख्य साधन म्हणजे वातावरणाचे गणिती प्रतिमान.

प्रतिमान म्हणजे काय?

प्रतिमान या शब्दाने एखाद्या मातीच्या वा लाकडी प्रतिकृतीची कल्पना मनात येण्याचा संभव आहे. येथे तसे काही नसते. ही समीकरणांची एक विशाल मांडणी असून तिचा हिशेब संगणक करतो. पृथ्वीभोवतालची सर्व हवा कल्पनेने लहानलहान पेट्यांत विभागली जाते. अशा एका पेटीची लांबी व रुंदी शंभर-दोनशे किलोमीटर, काही नव्या प्रतिमानांत त्याहून पुष्कळ कमी, आणि जमिनीजवळ उंची काहीशे मीटर किंवा त्याहूनही कमी असते. प्रत्येक पेटीचा एक जमाखर्च मांडावयाचा: वाऱ्याने शेजारच्या पेट्यांतून किती वायू आला व किती वाहून गेला, जमीन, समुद्र, शेते व धुराडी यांनी किती भर घातली किंवा किती शोषून घेतला, आणि रासायनिक क्रियांनी किती नवा उत्पन्न झाला वा किती नष्ट झाला. काही मिनिटांचा काळ पुढे सरकवून हाच जमाखर्च पुन्हा मांडावयाचा, आणि असे करीत वर्षे लोटावयाची.

या मांडणीचा उपयोग दोन दिशांनी होतो. उगम व शोषण ठाऊक आहे असे धरले, तर हवेत कोठे किती वायू असेल हे निघते. हे सुलट गणित. उलट, हवेत कोठे किती वायू आहे हे मोजून घेतले, तर तो कोठून आला असला पाहिजे व कोठे शोषला गेला असला पाहिजे याचा अंदाज बांधता येतो. हे उलट गणित अधिक मोलाचे आणि अधिक धोक्याचेही आहे. कारण मध्ये वारा आहे, आणि वाऱ्याविषयीची आपली समजूत चुकली तर वायूच्या उगमाचा पत्ताही चुकतो.

कार्बन डायॉक्साइडच्या बाबतीत ही चूक किती महाग पडू शकते ते पाहण्यासारखे आहे. खनिज इंधने जाळून मनुष्यजात आज दरवर्षी सुमारे १,००० कोटी टन कार्बन हवेत सोडते. हवाई बेटावरील मौना लोआ पर्वतावर चार्ल्स कीलिंग यांनी १९५८ साली अखंड मापनास आरंभ केला तेव्हा या वायूचे प्रमाण दर दहा लाखांत ३१५ च्या आसपास होते. ते आज कोठे पोहोचले आहे हे वर आलेच आहे. असे असले तरी सोडलेल्या कार्बनापैकी सुमारे निम्माच हवेत टिकतो. बाकीचा समुद्र आणि जमिनीवरील वनस्पती शोषून घेतात. मग प्रश्न असा की, जमिनीवरील कोणत्या वनस्पती? सैबेरिया, युरोप व उत्तर अमेरिका यांतील अरण्ये की विषुववृत्ताच्या दोन्ही बाजूंची वर्षावने? कोणते अरण्य किती भार उचलीत आहे हे कळल्याविना त्याच्या तोडीचे खरे मोलही कळत नाही.

जगभर विखुरलेल्या मापनकेंद्रांच्या नोंदी घेऊन अनेक संशोधकगटांनी आपापल्या प्रतिमानांनी हे उलट गणित सोडविले. त्यांच्या उत्तरांच्या सरासरीवरून असे मत रूढ झाले की, उत्तरेकडील भूप्रदेश दरवर्षी सुमारे २४० कोटी टन कार्बन शोषतो, तर उष्ण कटिबंधातील भूप्रदेश सुमारे १८० कोटी टन उलट हवेत सोडतो. ही मापनकेंद्रे बहुतेक भूपृष्ठावर होती, ही गोष्ट येथे ध्यानात ठेवावयाची आहे.

धूर आडवा आणि धूर उभा

खेड्यात राहिलेल्या मनुष्याला एक अनुभव नित्याचा असतो. हिवाळ्यातील संध्याकाळी चुलींचा धूर घरांच्या माथ्यावरच आडवा पसरतो व डोळे चुरचुरतात. वैशाखातील दुपारी तीच चूल तेवढ्याच गोवऱ्यांवर पेटली तरी धूर पाहता पाहता वर विरून जातो. चूल तीच, धूरही तेवढाच. फरक पडतो तो वरखाली होणाऱ्या हवेच्या घुसळणीत. थंड जमिनीवरील हवा निश्चल असते आणि तिच्यावर जणू झाकण बसते. तापलेल्या जमिनीवरील हवा एक-दोन, कधी तीन किलोमीटरांपर्यंत घुसळून निघते.

आता उत्तर गोलार्धातील एखाद्या मोठ्या अरण्याचा विचार करावा. उन्हाळ्यात झाडे प्रकाशसंश्लेषणाने कार्बन डायॉक्साइड शोषतात. परंतु त्याच ऋतूत घुसळण जोरात असल्यामुळे ही घट उंच थरात वाटली जाते आणि जमिनीजवळ फिकी पडते. हिवाळ्यात माती व वनस्पती श्वसनाने तो वायू बाहेर टाकतात आणि त्याच वेळी झाकण खाली आलेले असल्यामुळे ही भर जमिनीलगत साचून राहते. वर्षभरात त्या अरण्याने घेतले तितकेच परत दिले असे मानले, तरी जमिनीवरील यंत्राची वार्षिक सरासरी वाढलेलीच दिसणार! अरण्याने काहीही अधिक दिलेले नसते. जे दिले ते अडकून राहिलेले असते, एवढेच.

एखाद्या प्रतिमानाने हा साचण्याचा परिणाम वाजवीपेक्षा अधिक धरला असे समजू. कारखान्यांचा व हिवाळी श्वसनाचा वायू त्या प्रतिमानात जमिनीलगत फार दाटेल. प्रत्यक्ष केंद्रांवरील आकडे तितके मोठे नसतात. हा मेळ बसविण्यासाठी गणिताला एकच वाट उरते: उत्तरेकडील अरण्ये पुष्कळ कार्बन शोषीत आहेत असे ठरविणे. सबंध जगाचा एकूण हिशेब तर जुळलाच पाहिजे; म्हणून तितकाच कार्बन दुसरीकडे, म्हणजे उष्ण कटिबंधाच्या नावावर, खर्ची टाकला जातो. अशा रीतीने उत्तरेकडील हवेच्या घुसळणीत झालेली चूक हजारो किलोमीटर दूरच्या वर्षावनांच्या खात्यात जाऊन बसते.

यात मोठी अडचण ही की, ही चूक जमिनीवरून दिसतच नाही. कमी घुसळणारे व अधिक घुसळणारे, अशी दोन्ही प्रतिमाने जमिनीवरील आकड्यांशी जुळवूनच घेतलेली असतात. दोघांची साक्ष तेथे सारखीच. फरक दिसतो तो वर, तीन-चार किलोमीटरांवर. आणि तेथे जावयाचे तर विमान हवे.

२००७ सालची परीक्षा

अमेरिकेतील कोलोरॅडो राज्यात बोल्डर येथे असलेल्या राष्ट्रीय वातावरण संशोधन केंद्रातील ब्रिटन स्टीफन्स व त्यांचे सहकारी यांनी ही परीक्षा घेतली. जगातील बारा ठिकाणी वेगवेगळ्या देशांतील संशोधकांनी वर्षानुवर्षे लहान विमानांतून निरनिराळ्या उंचींवरील हवा बाटल्यांत भरून आणली होती. प्रत्येक गटाने आपापल्या कामासाठी जमविलेल्या या नोंदी त्यांनी एकत्र केल्या. मग उलट गणित सोडविणारी बारा प्रतिमाने घेऊन त्यांना विचारले: तुमच्या उत्तराप्रमाणे खालच्या व वरच्या हवेतील कार्बन डायॉक्साइडचा वार्षिक सरासरी फरक किती असावयास हवा?

बहुतेक प्रतिमानांचे उत्तर विमानांच्या नोंदींशी जुळले नाही. तीनच प्रतिमाने प्रत्यक्षाच्या सर्वांत जवळ आली, आणि त्या तिघांनी दिलेला जमाखर्च रूढ मतापेक्षा अगदी वेगळा होता. त्यांच्या मते उत्तरेकडील शोषण सुमारे १५० कोटी टनच होते, आणि उष्ण कटिबंधातून बाहेर पडणारा कार्बन १८० कोटी टन नव्हे, तर अवघा १० कोटी टन! उष्ण कटिबंधात जंगलतोडीमुळे पुष्कळ कार्बन हवेत जातो हे निर्विवाद आहे. तरीही एकूण बेरीज शून्याजवळ येत असेल, तर त्याचा अर्थ असा होतो की, तेथील उभी असलेली अरण्ये तोडीतून निघालेला कार्बन जवळजवळ तितक्याच प्रमाणात शोषून घेत होती. हा सबंध उलगडा झाला तो दहा लाखांत एखाद्या भागाच्या आसपासच्या फरकावरून.

यावरून पहिले संशोधक निष्काळजी होते असा ग्रह करून घेणे योग्य होणार नाही. त्यांनी उपलब्ध असलेल्या सर्व केंद्रांचा उपयोग केला होता आणि सरासरीबरोबर अनिश्चिततेच्या मर्यादाही दिल्या होत्या. सरासरी घेतल्याने भिन्नभिन्न चुका परस्परांना खोडतात, हे गृहीत मात्र येथे लागू पडले नाही. कारण बहुतेकांची चूक एकाच कुळातील होती.

पुढील वर्षांत प्रतिमाने सुधारली. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या एका तौलनिक अभ्यासात असे दिसून आले की, नवी प्रतिमाने उष्ण कटिबंधातील भूप्रदेशाचा निव्वळ हिशेब शून्याच्या आसपास असल्याविषयी एकमताकडे येत आहेत. तथापि प्रश्न तेथे संपला नाही, कारण अरण्येही बदलत असतात. ब्राझीलमधील ॲमेझॉनच्या खोऱ्यात लुसियाना गाट्टी व त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१० ते २०१८ या काळात चार ठिकाणी लहान विमानांनी ५९० वेळा हवेचे उभे छेद घेतले. तेथे वारा अटलांटिक महासागरावरून आत वाहतो. म्हणून समुद्रावरील हवा व अरण्य ओलांडून आलेली हवा यांच्या छेदांतील फरक हा त्या अरण्याचाच जमाखर्च होय. या मापनांवरून खोऱ्याचा आग्नेय भाग शोषणाऐवजी उत्सर्जन करू लागल्याचे आढळले, आणि हे निष्कर्ष २०२१ साली प्रसिद्ध झाले.

तुलना कशी करतात?

विमान आणि प्रतिमान यांची तुलना म्हणजे दोन आकडे शेजारी लिहिणे, इतके ते सोपे नाही. प्रवासी विमान एका सेकंदात सुमारे २५० मीटर अंतर कापते. त्यातील यंत्र काही सेकंदांनी एक नोंद करते. म्हणजे विमानाची नोंद एका अरुंद रेषेची, तर प्रतिमानातील आकडा शंभर किलोमीटरांच्या पेटीचा. एखादे ज्वालामुखीचे वा वणव्याचे लोळ विमानाने नेमके भेदले, तर त्याचा आकडा भडकतो. प्रतिमानात तेच लोळ सबंध पेटीभर पसरून फिके पडते. म्हणून प्रतिमानाला विमानाच्या मार्गानेच चालवावे लागते. विमान ज्या क्षणी, ज्या स्थळी व ज्या उंचीवर होते, त्याच क्षणीचा व स्थळाचा आकडा प्रतिमानातून काढावयाचा, विमानाच्या नोंदींचीही पेटीच्या मानाने सरासरी घ्यावयाची, आणि अशा अनेक उड्डाणांचा मिळून निवाडा करावयाचा. एका उड्डाणावरून प्रतिमानाला दोषी ठरविणे हा अन्याय होईल.

आणखी एक पथ्य आहे. ज्या नोंदी प्रतिमानाला आधीच खाऊ घातल्या आहेत, त्याच नोंदींनी त्याची परीक्षा घेता येत नाही. उत्तरे दाखवून घेतलेल्या परीक्षेसारखेच ते होईल. विमानाच्या नोंदी बाजूला राखून ठेवण्यास यामुळेच महत्त्व आहे.

चूक आढळली तरी ती कोणाची हे ठरविणे पुढचे काम. वाऱ्याची, उगमाची की रसायनाची? येथे निरनिराळे वायू वेगवेगळ्या साक्षीदारांप्रमाणे उपयोगी पडतात. सल्फर हेक्झाफ्लुओराइड हा विजेच्या उपकरणांतून गळणारा मानवनिर्मित वायू शेकडो वर्षे नष्ट होत नाही. त्याला ना झाडे शोषतात, ना त्याच्यावर हवेत रासायनिक क्रिया होते. त्याचे प्रमाण चुकले तर संशय वाऱ्यावर, किंवा फार तर उगमाच्या आकड्यावर. कार्बन मोनॉक्साइड दोन-तीन महिने टिकतो आणि तो अपुऱ्या ज्वलनाची खूण आहे. उत्तर गोलार्धात हिवाळ्याच्या अखेरीस व वसंत ऋतूत बहुतेक रासायनिक प्रतिमाने या वायूचे प्रमाण प्रत्यक्षाहून कमी दाखवितात, हे पुष्कळ वर्षांपासून ठाऊक आहे. धूर कमी धरला आहे, की हा वायू नष्ट करणारे हायड्रॉक्सिल प्रतिमानात अधिक झाले आहे? हायड्रॉक्सिल हा हवेची झाडलोट करणारा रेणुखंड जेमतेम सेकंदभर जगतो; बाटलीत भरून आणीपर्यंत तो उरतच नाही. त्याचे मापन विमानातच, उडता उडता करावे लागते. २०१६ ते २०१८ या काळात अमेरिकेच्या नासा संस्थेने आपल्या डी.सी.-८ विमानातून चारही ऋतूंत पॅसिफिक व अटलांटिक महासागरांवर जी फेरी केली, तीत हे मापन झाले. ते विमान सागरपृष्ठापासून जेमतेम २०० मीटरांपर्यंत उतरे व पुन्हा सुमारे १२ किलोमीटरांपर्यंत चढे, आणि असे सारखे वरखाली करीत जाई.

त्याआधी २००९ ते २०११ मध्ये दुसऱ्या एका अमेरिकी विमानाने पॅसिफिकवरून ध्रुवप्रदेशापासून ध्रुवप्रदेशापर्यंत अशाच पाच मोहिमा केल्या होत्या. त्यांपैकी पहिल्या मोहिमेत, समुद्रावरील निर्मनुष्य प्रदेशात प्रतिमाने काजळीचे प्रमाण सरासरीने पाचपट अधिक दाखवीत असल्याचे उघड झाले. काजळी हा वायू नव्हे. परंतु पावसाने हवा किती लवकर धुतली जाते याविषयीची चूक तिने दाखवून दिली.

प्रवाशांबरोबर प्रवास करणारी यंत्रे

संशोधनासाठी स्वतंत्र विमान उडविणे अतिशय खर्चाचे असते, आणि काही आठवड्यांच्या मोहिमेने वर्षांचा क्रम कळत नाही. यावर युरोपीय संशोधकांनी सुचविलेला उपाय व्यवहारी होता. १९९४ सालापासून पाच एअरबस प्रवासी विमानांत ओझोन व बाष्प मोजणारी स्वयंचलित यंत्रे बसविण्यात आली. पुढे त्यांत कार्बन मोनॉक्साइडची भर पडली. २०११ पासून हेच कार्य आयागोस या नावाने चालू आहे. युरोपातील हवामान अंदाज केंद्र वातावरणातील वायूंचे जे दैनंदिन अंदाज तयार करते, त्यांची परीक्षा या नोंदींशीही ताडून होते. प्रवासी विमानांचे दोष उघड आहेत. ती ठराविक मार्गांनी, बहुधा १० ते १२ किलोमीटरांवरून जातात, आणि खालची हवा त्यांना भेटते ती विमानतळांपाशीच, म्हणजे मोठ्या शहरांच्या धुरात. परंतु प्रत्येक चढण व प्रत्येक उतरण हा हवेचा एक उभा छेदच असतो, आणि असे छेद हजारोंनी मिळतात.

भारतावरील हवेविषयी या मार्गाने दोन महत्त्वाच्या गोष्टी हाती आल्या आहेत. २००८ साली फ्रँकफुर्ट व चेन्नई यांच्या दरम्यान उडणाऱ्या लुफ्तहान्सा कंपनीच्या विमानात मापनयंत्रांनी भरलेली पेटी ठेवलेली होती. पावसाळ्याच्या महिन्यांत, दहा-अकरा किलोमीटर उंचीवर, मिथेन व कार्बन मोनॉक्साइड यांचे प्रमाण स्पष्टपणे वाढलेले आढळले. भातखाचरे, गुरे व चुली यांच्यावरील हवा मोसमी मेघांबरोबर उचलली जाते आणि उंचावरील विशाल चक्राकार वाऱ्यांत काही काळ अडकून फिरत राहते. प्रतिमानातील मेघ ही हवा किती उंच व किती वेगाने उचलतात याची यापेक्षा कठोर कसोटी मिळणे कठीण.

दुसरी गोष्ट दिल्लीची. जपान एअरलाइन्सच्या विमानांत बसविलेली यंत्रे २००५ पासून दिल्लीवर कार्बन डायॉक्साइडचे उभे छेद घेत आली. या प्रदेशात इतर मापने थोडीच असल्यामुळे त्यांचे मोल विशेष. हिवाळ्यात मोठ्या शहरावर जमिनीकडे येता येता हा वायू वाढत जावा, अशी अपेक्षा असणार, आणि सामान्यतः तसे दिसलेही. परंतु जानेवारी ते मार्च या महिन्यांत अनेकदा उलट प्रकार आढळला: दोन किलोमीटरांच्या खाली वायू वरच्यापेक्षा कमी! कोट्यवधी लोकांची चूल, मोटारी, कारखाने खाली असताना ही घट कोठून आली? संशोधकांनी तिचा संबंध शहराभोवतीच्या गव्हाच्या शेतांशी जोडला. त्या तीन महिन्यांत रब्बीचे पीक जोमाने वाढत असते, आणि ते दिल्लीने सोडलेल्या वायूपेक्षाही अधिक वायू ओढून घेते, असा त्यांचा निष्कर्ष आहे. हे शोषण कायमचे नव्हे. गहू खाल्ला जातो, काड गुरांना घातले जाते अथवा जाळले जाते, आणि तो कार्बन पुन्हा हवेत येतो. ज्या प्रतिमानात उत्तर भारतातील शेतांचा ऋतू एकच, म्हणजे पावसाळ्याचा, धरलेला असेल, त्याला दिल्लीवरची ही माघ-फाल्गुनातील घट दाखविता येणार नाही. आणि ती न दाखविल्यामुळे ते शहराच्या धुराचा अंदाजही कमी बांधील.